उसनी डबी

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या कारखान्याचे व्यवस्थापकसाहेब, ज्यांना आपली भाषा कळत नाही म्हणून मी आज जरा मोकळेपणाने बोलणार आहे, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि आमच्या नर्सताईंकडून शब्दन् शब्द समजून घेणाऱ्या डॉक्टरबाई, आजचे सत्कारमूर्ती निर्मळभाऊजी, मंडळाचे पदाधिकारी, पॅकिंगमधल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि मागे दारापाशी उभं राहून चहाची वाट बघणाऱ्या बंधूंनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

चिटणीसांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि पहिल्या रांगेत ते घड्याळ हातात धरून बसले आहेत. चिटणीस, घड्याळ खिशात ठेवा. भाऊजींनी ह्या देशात उभी हयात घालवली. त्यांना पाच मिनिटांत वाटेला लावलं तर ते काही बरं दिसणार नाही.

माझ्या आधी चारजण बोलले आणि चौघेही छान बोलले. भाऊजी नव्या माणसाला आणायला विमानतळावर जायचे, त्याला खोली बघून द्यायचे, स्वतःचं जाड जाकीट त्याच्या अंगावर घालायचे आणि आपण दोन स्वेटरांवर हिवाळा काढायचे. भट्टी विभागात कुणाचा हात भाजला तर त्याची पाळी स्वतः करायचे. सगळं खरं आहे. ह्यातल्या एकाही शब्दाला माझी हरकत नाही. पण सत्काराच्या भाषणांची एक खोड असते. माणूस किती भला होता हे सांगता सांगता त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेवढं आपण गाळतो, कारण ते सांगायला गेलं की त्याच्याबरोबर आपलंही झाकलेलं उघडं पडतं.

तिसऱ्या वक्त्यांनी विनोद केला. ते म्हणाले, ‘निर्मळभाऊ चालले, आता वार्षिक तपासणीला आपलं कसं व्हायचं?’ जुनी मंडळी पोट धरून हसली. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. नवी मुलं मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि भाऊजी? ते हसले नाहीत. मांडीवरच्या पुष्पगुच्छाची रिबीन सारखी करत बसले. तेव्हाच मी ठरवलं की लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच राहू द्यायचं आणि ह्या मुलांना तो विनोद समजावून सांगायचा.

अध्यक्षमहोदय, विषय सभेत काढण्याजोगा नाही याची मला कल्पना आहे. तरी आपण सगळे प्रौढ आहोत, आणि चहा अजून आलेला नाही, तेवढ्यात उरकून घेते.

मुलांनो, निर्मळ हे भाऊजींचं आडनाव नाही. निमंत्रणपत्रिकेवर तसं छापलंय, पण ते आपल्या लोकांनी दिलेलं नाव आहे. आपला कारखाना खाण्याच्या वस्तूंचा. तयार पदार्थाला ज्याचा हात लागतो त्याची वर्षातून एकदा शौचतपासणी होते. कंपनी एक छोटी पांढरी डबी देते, फिरकीच्या झाकणाची, आत इवलासा चमचा. सकाळी ती भरून, वर आपलं नाव घालून फाटकापाशी द्यायची. एवढा साधा प्रकार. पण आपण ज्या भागांतून आलो तिथे पोटात जंत असणं म्हणजे पावसाळ्यात छत्री असण्यासारखं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. इथे मात्र सगळ्यांच्या मनात धास्ती. जंत सापडले की काम गेलं, काम गेलं की इथे राहायचा परवाना गेला, आणि परवाना गेला की बॅग भरायची.

ही धास्ती आली कुठून? फार वर्षांपूर्वी लंबू म्हणून एकजण होता. तपासणी झाली आणि पुढच्याच आठवड्यात लंबू दिसेनासा झाला. झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. ‘लंबूच्या डबीत सापडलं म्हणे.’ ‘रातोरात पाठवला म्हणे.’ त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगितल्या जायच्या, बसचा थांबा आणि लंबूची कथा.

आणि त्याच सुमाराला कुणाच्या तरी लक्षात आलं की भाऊजींचा अहवाल दर वर्षी स्वच्छ येतो. पाणी उकळून प्यायचे, वेळेवर जेवायचे, पोटाची कधी तक्रार नाही. पुढचं सांगायला नको. आधी एकाने हळूच विचारलं, मग दुसऱ्याने. तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीच्या न्हाणीघरात खिडकीच्या कठड्यावर डब्या ओळीने मांडलेल्या असायच्या, आणि बाहेर जिन्यात माणसं उभी. आदल्या आठवड्यात तर भाऊजींची अशी बडदास्त, की जावयाची काय असेल. कुणी केळी आणतंय, कुणी पपई आणतंय, कुणी त्यांच्या ताटातली मिरची उचलून घेतंय. ‘भाऊ, जपून खा, आमची नोकरी तुमच्या पोटात आहे.’ हसा, हसा. मीही हे आमच्या ह्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते.

भाऊजींनी ह्याबद्दल कुणाकडून कधी काही घेतलं नाही. केळी मिळायची तीसुद्धा ते खोलीत वाटून टाकायचे. त्यांना नाही म्हणता येत नसे, एवढंच. आपल्याकडे ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला आपण देवमाणूस म्हणतो आणि मग त्याला पार वापरून घेतो.

आता ह्यांच्याबद्दल. आमचे हे कणीक मळायच्या यंत्रावर होते. इथल्या जुन्या माणसांना आठवत असतील. ह्यांना दम्याचा त्रास सुरू झाला. पिठाची धूळ म्हणा, थंडी म्हणा, जिना चढले की बोलता येत नसे. साधी औषधं झाली, वाफ झाली, गुण येईना. तेव्हा इस्पितळात ह्याच डॉक्टरबाई होत्या. तेव्हा नव्या होत्या, केस काळे होते. ताई, हे भाषांतर करू नका.

डॉक्टरबाईंनी ठरवलं, स्टिरॉइडच्या गोळ्या द्यायच्या. पण त्या एक गोष्ट म्हणाल्या, आणि त्या वेळी ह्या देशात असं म्हणणारे डॉक्टर फार नव्हते. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही उष्ण प्रदेशातून आलात. तिकडच्या ओल्या मातीत एक बारीक जंत असतो. अनवाणी चालताना पायाच्या कातडीतून तो आत शिरतो आणि पोटात राहतो, वीस वर्षं, तीस वर्षं, कुणाला पत्ता लागू न देता. अंगाची ताकद त्याला आवरून धरते. ह्या गोळ्या त्या ताकदीलाच झोपवतात, आणि मग तो वाढत सुटतो. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी एकदा शौच तपासून घेऊ.’ आणि त्यांनी ड्रॉवरमधून डबी काढून ह्यांच्या हातात दिली.

डबी तीच होती. तशीच पांढरी, तशाच झाकणाची, आत तसाच चमचा.

हे लहानपणी कधी चप्पल घालून फिरले असतील असं मला वाटत नाही. घरामागे ओल धरलेली जमीन, तिथेच खेळ, तिथेच सगळं. पण डबी पाहिल्याबरोबर ह्यांच्या डोक्यात मातीबिती काही राहिलं नाही, लंबू उभा राहिला. इस्पितळ काय नि कंपनी काय, एकाच माळेचे मणी, इथे सापडलं की तिथे कळणार. ती डबी घेऊन ते थेट भाऊजींच्या खोलीवर गेले. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आमची लेक लहान होती, मी तिच्यात गुंतलेली. भाऊजींना तरी काय ठाऊक होतं? त्यांच्या लेखी आणखी एक डबी.

विचार करा मुलांनो. दर वर्षीच्या तपासणीला दुसऱ्याची डबी देऊन फार काही बिघडलं नसेल. पण आयुष्यात एकदा कुणीतरी आपलेपणाने विचारलं होतं, बाबा, तुझ्या पोटात काय आहे ते मला बघू दे, आणि त्या वेळी ह्यांनी दुसऱ्याचं पोट पुढे केलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. वैद्याकडे जायचं आणि दुखणं घरी ठेवून जायचं.

अहवाल अर्थातच स्वच्छ आला. गोळ्या सुरू झाल्या. आणि काय सांगू, पहिले काही आठवडे इतके चांगले गेले. हे लेकीला खांद्यावर घेऊन चार जिने चढायचे आणि वर पोचून गाणं म्हणून दाखवायचे, दम लागला नाही हे सिद्ध करायला. मला वाटलं, सुटलो.

मग पोट दुखू लागलं, ताप आला, खोकल्यातून रक्त आलं. ह्यांना इस्पितळात ठेवलं. डॉक्टरबाई रोज दोन-दोनदा यायच्या. त्यांच्या मनात पहिल्यापासून तोच जंत होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण त्या फाइल उघडायच्या, तिथे लिहिलेलं असायचं, काही आढळलं नाही, आणि त्या दुसरीकडे शोधायला लागायच्या. फुप्फुस शोधलं, रक्त शोधलं. दिवस चालले होते.

भाऊजी पाळी संपली की डबा घेऊन यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. एका दुपारी डॉक्टरबाई आणि ह्या नर्सताई माझ्याशी बोलत उभ्या होत्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘हे लहानपणी अनवाणी फिरायचे का?’ मी म्हटलं, ‘हो, कायमच.’ त्या म्हणाल्या, ‘मला पुन्हा पुन्हा तीच शंका येते. पण तपासणीत काहीच नव्हतं, म्हणजे ते नसावं.’

भाऊजी उठले. हातातला डबा बाकावर ठेवला. ह्या देशाची भाषा त्यांना तेव्हा कामापुरतीच यायची, तिच्यातच ते म्हणाले, ‘ते माझं होतं. डबीतलं. त्याचं नाही, माझं.’

नर्सताई, तुम्हाला आठवतंय. डॉक्टरबाई धावतच गेल्या. तासाभरात योग्य ते औषध सुरू झालं. पण तोवर जंत अंगभर पसरले होते. तिसऱ्या दिवशी हे गेले.

मी रागावले होते का? होते. फार रागावले होते. भाऊजींवर, ह्यांच्यावर, डॉक्टरबाईंवर, लंबूवर, आमच्या घरामागच्या त्या जमिनीवर. बाई एकटी पडली की तिला राग धरायला जागा लागते. पण माझा राग एकीकडे, आणि आपल्या लोकांनी काय केलं ते एकीकडे. भाऊजींनी तोंड उघडलं म्हणून जिन्यात उभे राहणारे सगळे त्यांच्यावर उलटले. ‘आता सगळ्यांची पुन्हा तपासणी होणार.’ ‘ह्याने सगळ्यांना बुडवलं.’ त्यांच्याशी कुणी बोलेना. डबा खाताना ते टेबलाच्या टोकाला एकटे बसायचे. केळी आणणारे हात कुठे गेले कोण जाणे.

तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी कंपनीला पटवून सगळ्यांचं रक्त घेतलं, डब्या घेतल्या, आणि ह्या वेळी ज्याची त्याने भरली. कितीतरी जणांच्या पोटात तोच जंत निघाला. मी नावं घेत नाही, माना खाली घालू नका. मग काय झालं? कुणाला पाठवलं? कुणाची बॅग भरली? दोन दिवस गोळ्या दिल्या. संपलं. तिसऱ्या दिवशी सगळे कामावर. कंपनीच्या माणसाने स्पष्ट सांगितलं, आजवर ह्या कारणाने आम्ही एकालाही काढलेलं नाही. आणि लंबू? तो लग्न करायला गेला होता हो. मुलगी पसंत पडली, सासऱ्याने दुकानात घेतलं, तो तिकडेच राहिला. दोन मुलं आहेत, पोट सुटलंय, मजेत आहे.

दोन दिवसांच्या गोळ्या. मी अजूनही कधी कधी पाकिटं भरताना थांबते आणि हेच माझ्या मनात येतं. ज्या गोष्टीच्या भीतीने माझा नवरा गेला ती गोष्ट कुठे नव्हतीच.

ह्या सभागृहात आज जे धडधाकट बसले आहेत, त्यांतले काहीजण भाऊजींनी तोंड उघडलं म्हणून बसले आहेत. पुढे त्यांच्यापैकी कुणाला दमा झाला, कुणाचे सांधे सुजले, स्टिरॉइड द्यावं लागलं, आणि काही झालं नाही, कारण पोट आधीच साफ झालं होतं. कुणी भाऊजींना तसं सांगितलं? हळूहळू सगळे पुन्हा बोलायला लागले, पुन्हा विमानतळावर जायला त्यांनाच सांगायला लागले, आणि त्या सगळ्याला आपण ‘तो प्रकार’ म्हणू लागलो. आज हार घातला, शाल दिली, आणि तो प्रकार नेमका वगळला. मला ह्याचं फार वाईट वाटतं. म्हणून हे बोलले.

डॉक्टरबाईंना मी पुढे एकदा विचारलं होतं. ह्यांनी स्वतःची डबी दिली असती तर कळलं असतं का? त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही आणि दोषही दिला नाही. त्या म्हणाल्या, ‘हा जंत फार लपतो. एका तपासणीत पुष्कळदा सापडत नाही. सापडला असता, कदाचित नसता. मी सांगू शकत नाही.’

भाऊजी, हे तुम्हाला मी इतक्या वर्षांत सांगितलं नाही, कारण आपण बोललोच नाही. तुम्ही शरमेने आमच्या घरी येणं सोडलंत. मी रागाने बोलावणं सोडलं. एकाच कारखान्यात, एकाच फाटकातून रोज ये-जा, आणि नुसती मान हलवायची. सापडला असता की नसता, हे तुम्हाला कधी कळणार नाही आणि मलाही नाही. मग तुम्ही ते एकट्याने का वाहताय? अर्धं माझं आहे. मी तुम्हाला माफ केलं असं मोठ्या तोंडाने म्हणणार नाही, कारण माफ नेमकं काय करायचं तेच मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. पण तुम्ही आला नाहीत ह्याची हळहळ मात्र मला पक्की ठाऊक आहे. ती रोजची आहे.

कारण ऐका. माझं लग्न झालं आणि हे लगेच इकडे निघून आले. मी आले ती कितीतरी नंतर. मधली सगळी वर्षं हे तुमच्याबरोबर एका खोलीत राहिले. लाँड्रीच्या वरची ती खोली, जिची खिडकी लागत नसे. त्या वर्षांतले हे मला माहीतच नाहीत. आमची लेक, ती बघा, दुसऱ्या रांगेत बसली आहे, तिला बापाचा एकच फोटो ठाऊक आहे, परवान्यावरचा, आणि परवान्यावर कुणी हसत नाही. ती विचारते, बाबा तरुणपणी कसे होते? रागवायचे का? स्वयंपाक यायचा का? मी जन्मणार हे पत्रातून कळल्यावर काय म्हणाले? मी आपलं थातुरमातुर सांगते. खरं सांगणारा माणूस ह्या देशात एकच उरलाय, आणि त्याचं शुक्रवारी विमान आहे.

तर आता आवरतं घेते. मला बोलू दिलंत त्याबद्दल अध्यक्षांचे, मंडळाचे आणि काही न कळता टाळ्या वाजवणाऱ्या साहेबांचे मनापासून आभार. डॉक्टरबाईंचे आणि नर्सताईंचे आभार मानले तरी ते कमीच पडतील. नव्या मुलांनो, पुढच्या महिन्यात तपासणी आहे, ज्याची त्याने डबी भरावी. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, सभेची पायरी सुटली असेल, तर एका बाईने आपल्या माणसांत चार शब्द जास्त बोलून घेतले असं समजा आणि सोडून द्या.

आणि भाऊजी, उद्या संध्याकाळी घरी जेवायला या. लेक कामावरून लवकर येणार आहे. नुसती मान हलवू नका, येतो म्हणा. तुम्ही म्हणेपर्यंत मी इथून खाली उतरत नाही.